‘जास्त’ला मराठीतून हाकलू नका

मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की ‘हे शब्द मराठी नाहीत’ अशी एक यादी फोनवर फिरू लागते. तिच्यात ‘जास्त’ हमखास असतो. म्हणणं असं: ‘जास्त’ अरबी आहे, हिंदीच्या नादाने मराठीत शिरला, आपला शब्द ‘अधिक’, म्हणून जिथे ‘जास्त’ तिथे ‘अधिक’ लिहा. ‘खूप’लाही तोच न्याय. वर फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या शिवकालीन राज्यव्यवहारकोशाचा दाखला. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी असते, म्हणूनच याला नीट उत्तर द्यायला हवं.

मूळ अरबी, हे बरोबर. ‘जियादा’, ‘जियादत’ फारसीमार्गे इकडे आले आणि त्यांतून मराठीला ‘जादा’ आणि ‘जास्त’ असे दोन शब्द मिळाले. मराठीने दोघांना वेगवेगळी कामं लावून दिली. गणपतीत कोकणात एसटीच्या जादा गाड्या सुटतात, त्यांना ‘जास्त गाड्या’ कोणी म्हणत नाही. शाळेत जादा तास होतो, पण मीठ पडतं ते जास्त.

हिंदीचा आरोप तर उभाच राहत नाही. हिंदीत ‘ज्यादा’ म्हणतात. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी कोशात ‘जास्त’ आहे. कन्नड आणि तमिळ बोलण्यातही ‘जास्ति’ हेच रूप चालतं, ‘ज्यादा’ नव्हे.

आता मुख्य मुद्दा: ‘अधिक’ने खरंच काम भागतं का?

आमटी तोंडात घेतल्यावर माणूस म्हणतो, ‘मीठ जास्त झालंय.’ ‘मीठ अधिक झालंय’ असं म्हणणारं घर मला दाखवा. ‘अधिक’ म्हणजे आहे त्यात भर, आणि त्या भरीबद्दल तक्रार नाही. पाच अधिक तीन. अधिक माहितीसाठी संपर्क साधा. अधिक महिना, ज्यात जावयाला अनारसे देतात. या प्रत्येक ठिकाणी ‘जास्त’ घालून पाहा, कानाला खटकेल. ‘जास्त’मध्ये तुलनाही आहे आणि मापाबाहेर गेल्याची जाणीवही. ‘जास्त बोलू नकोस’ म्हणजे पायरी ओळखून बोल. ‘आता जास्त होतंय हं’ हा इशारा आहे. ‘आता अधिक होतंय’ म्हटलं तर समोरच्याला आपण कशाबद्दल बोलतोय तेच कळणार नाही.

‘अधिक’ला हे काम कधीच येत नव्हतं असं मात्र नाही. ज्ञानेश्वरीत ‘न्यून ते पुरते, अधिक ते सरते’ करून घ्यावे अशी श्रोत्यांना विनंती आहे. तिथे ‘अधिक’ म्हणजे गरजेपेक्षा वाढलेलं. पण सातशेहून अधिक वर्षांत मराठीने कामाची वाटणी बदलली. ती एका यादीने मोडायची तर त्याबदल्यात मिळतंय काय, हे तरी सांगा.

‘फार’ घ्या, असाही सल्ला असतो. ‘फार’ संस्कृत ‘स्फार’वरून आला, शब्द सुंदर आहे. पण ‘आज फार गर्दी आहे’ आणि ‘आज जास्त गर्दी आहे’ यांत फरक आहे. पहिल्यात नुसती गर्दी, दुसऱ्यात कालच्यापेक्षा किंवा नेहमीपेक्षा. रोज लोकल पकडणाऱ्याला हा फरक समजवावा लागत नाही.

‘खूप’चं तर आणखी पुढे गेलेलं आहे. फारसीत ‘खूब’ म्हणजे चांगलं, छान. ‘खुबी’ त्याच घरातली. मराठीत ‘खूप’ म्हणजे पुष्कळ, आणि तो ‘खूप त्रास झाला’ असाही चालतो. त्रासाला ‘चांगला’ कोण म्हणेल? मूळ अर्थ मागे पडला, मराठीचा अर्थ राहिला. शब्द बाहेरून आला असेल, पण हा अर्थ आपण रुजवलेला आहे.

राज्यव्यवहारकोशाचा दाखला आदराने द्यावा, पण पुरता द्यावा. त्याचा रोख राज्यकारभाराच्या शब्दांवर होता: मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. परक्या सत्तेची भाषा दरबारातून काढण्याचं ते राजकीय काम होतं आणि थोर काम होतं. तरी पुढे पेशवे, फडणीस, चिटणीस हेच शब्द लोकांच्या तोंडी राहिले. सावरकरांच्या ‘दिनांक’चंही पाहा. अर्जावर तो बसला, पण कोर्टात अजून तारीखच पडते.

‘जास्त’ काढायचा तर त्याचा जोडीदार ‘कमी’ही फारसी म्हणून काढावा लागेल. मग ‘मीठ कमी झालं’ हे कसं सांगायचं?

सध्या ‘जास्त’ आणि ‘जादा’ यांना खरा धोका ‘अधिक’कडून नाहीच. हॉटेलात ‘एक्स्ट्रा चटणी’ मागतात, क्लासच्या पाटीवर ‘एक्स्ट्रा लेक्चर’ लिहितात. ज्यांना मराठीची काळजी आहे त्यांनी आधी तिथे ‘जास्तीची चटणी’ आणि ‘जादा तास’ म्हणायला लागावं, आणि मुलांच्या निबंधात ‘जास्त’खाली लाल रेघ मारणं थांबवावं.