न्यू जर्सीतून दुरुस्त झालेली दुर्बीण

माझी दुर्बीण न्यू जर्सीतून दुरुस्त झाली, असं आता आमच्या सोसायटीत सगळे धरून चालतात. लिफ्टमध्ये भेटणारा माणूस दुर्बिणीची नाही, जावयाची चौकशी करतो. आणि जावई माझा नाही. तेव्हा काय घडलं ते एकदा लिहून टाकतो. कुणी वाचो न वाचो, माझी जळजळ तरी कमी होईल.

मार्गशीर्ष अमावस्या, आकाश स्वच्छ, पूर्वेला मृग चांगला वर आलेला. गच्चीवर माउंट मांडला होता. माउंट म्हणजे दुर्बिणीखालचं मोटारवालं धूड. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी मारते, त्यामुळे आकाश सेकंदाला १५ विकला, म्हणजे मिनिटाला पाव अंश, सरकत राहतं. त्याच गतीनं दुर्बीण पृथ्वीच्या उलट फिरवत ठेवायची, एवढं याचं काम. त्यासाठी त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. पुण्यातून ध्रुवतारा जेमतेम साडेअठरा अंशांवर, म्हणजे बरोबर बी विंगच्या टाकीमागे. तेही कसंबसं निभावलं. मग हँड कंट्रोलरनं तारीख विचारली, ती आधी महिना आणि मग दिवस अशी. पाठोपाठ ‘डेलाइट सेव्हिंग चालू आहे का?’ अरे बाबा, पुण्यात ऊन वाचवून ठेवायची वेळ अजून आलेली नाही. तेही भरलं. राहिलं होतं फक्त लॅपटॉप जोडणं.

या ‘फक्त’मध्ये माझे किती रविवार गेलेत ते घरच्यांना विचारा. माउंटचा मेंदू अजून सीरियल पोर्टची भाषा बोलतो, आणि ते मानक आहे १९६० सालचं. लॅपटॉपला असलं भोक आता नसतं, म्हणून मध्ये एक यूएसबीची केबल घालायची. ती मी तपकीर गल्लीतून आणली. ‘ओरिजिनल आहे ना?’ या प्रश्नाला दुकानदारानं ‘ओरिजिनलसारखीच आहे’ असं प्रामाणिक उत्तर दिलं होतं. आतली चिप नकली. अस्सल चिप बनवणाऱ्या मूळ कंपनीचा नवा ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला चिपशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम, नकली चिप बरोबर ओळखतो आणि ‘कोड १०’ असं म्हणून हात वर करतो. मग जुना ड्रायव्हर हुडकून बसवायचा. तो बसला की विंडोज रात्रीतून गुपचूप अपडेट होऊन नवा घालणार. चोरी कुणाची, शिक्षा कुणाला! ज्यानं नकली चिप छापली तो कुठेतरी सुखानं झोपला असेल, आणि इथे मी थंडीत कानटोपी घालून स्क्रीनवर ड्रायव्हर बिघडल्याचं पिवळं उद्गारचिन्ह बघत उभा.

त्या रात्री मात्र ड्रायव्हर ठीक होता. उद्गारचिन्ह नव्हतं. तरी ‘कनेक्ट’ दाबलं की सॉफ्टवेअर थोडा वेळ विचार करायचं आणि ‘टाइमआउट’ म्हणून मोकळं व्हायचं. आता डिव्हाइस मॅनेजर उघडून पोर्टचा आकडा बघणार, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका आले.

काका बँकेतून निवृत्त झालेत, सोसायटीचे खजिनदार आहेत, आणि गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असते. ती लावायलाच ते आले होते.

“काय अडलंय?”

“लॅपटॉपला माउंट सापडत नाहीये.”

काकांनी एकदा लॅपटॉपकडे बघितलं, एकदा माउंटकडे. दोघांत हातभर अंतर.

“समोर तर आहे!”

मी समजावायचा प्रयत्न केला. ड्रायव्हर, ॲस्कॉम, ९६०० बॉड रेट. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातून मोबाइल काढला. “थांबा. आमच्या जावईबापूंना लावतो. ते कॉम्प्युटरमध्येच आहेत.”

जावईबापू एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतात. मी नको नको म्हणेपर्यंत व्हिडिओ कॉल लागलासुद्धा. तिकडे सकाळचे साडेदहा. स्क्रीनवर एक दमलेला तरुण चेहरा, गळ्यात हेडफोन. त्याला दिसत होता सासऱ्यांचा कान, कारण काका व्हिडिओ कॉलसुद्धा कानाला लावून करतात.

“बाबा, कॅमेरा...”

“हो, हो, कॅमेरापण आहे यांच्याकडे. केवढ्यातरी हजारांचा आहे.”

“बाबा, मी जरा मीटिंगमध्ये...”

“दोन मिनिटं फक्त, जावईबापू. इथे एक गृहस्थ अडचणीत आहेत.”

अडचणीतला गृहस्थ म्हणजे मी. जावयाला सासऱ्यांना नाही म्हणता येईना, सासऱ्यांना जावयाला सोडवेना, आणि मला किल्लीवाल्या माणसाला वाटेला लावता येईना. तिघंही सभ्य घरातले, त्यामुळे प्रकरण लांबलं.

“डिव्हाइस मॅनेजर उघडायला सांगा त्यांना,” जावई म्हणाला.

काका माझ्याकडे वळले. “तुमचा कुणी मॅनेजर आहे का? त्याला बोलवा म्हणतायत.”

“मी तेच उघडत होतो, काका.”

“बघा! लगेच पकडलं त्यांनी!” काका फोनला म्हणाले. “आणखी काय काय करू ते सांगा.”

“बाबा, मला काही दिसतच नाहीये. फार अंधार आहे.”

एवढं ऐकल्यावर काका तडक जिन्याकडे गेले आणि त्यांनी गच्चीचा हॅलोजन लावला. तो हॅलोजन मागच्या वर्षी चोरांसाठी बसवलाय आणि त्याच्या उजेडात चोराला पेपर वाचता येईल. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, ती एका खटक्यात गेली. मी ओरडलोच. “अहो काका, अंधारातच बघायचं असतं!”

“मग जावईबापूंना कसं दिसणार?”

या प्रश्नाला उत्तर नाही. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. त्या काळातल्या मंडळींनी आकाश बघितलं ते नकाशा आणि डोळे यांच्या भरवशावर. न्यू जर्सीला दिसावं म्हणून कुणी हॅलोजन लावला नसणार. आणि बिचारा जावई तरी काय सांगणार? त्यानं आळीपाळीनं सगळे उपाय सांगितले. बंद करून चालू करा. केबल हलवून बघा. अँटीव्हायरस आहे का. काका प्रत्येक उपायाला “वा!” म्हणत होते आणि माझ्याकडे, आता काय कराल, अशा नजरेनं बघत होते.

मग काकांच्या फोनची बॅटरी संपत आली. जावयाचा कॉल मध्येच तुटणं शोभलं नसतं. काकांनी आजूबाजूला बघितलं, माझ्या लॅपटॉपच्या उजव्या बाजूची केबल सरळ उपटली आणि तिथे आपली चार्जिंगची वायर खोचली. मी हबकून बघतच राहिलो. “थांबा हो, तुमचीही लावतो,” असं म्हणून त्यांनी माझी केबल डाव्या बाजूच्या भोकात घातली. मी दातओठ खात, निव्वळ काहीतरी करायचं म्हणून, ‘कनेक्ट’ दाबलं.

जोडलं गेलं.

कारण सांगतो. या असल्या केबलच्या चिपला स्वतःचा अनुक्रमांक नसतो. त्यामुळे विंडोज केबलला नाही, भोकाला नंबर देतं. डावीकडे लावली की कॉम तीन, उजवीकडे लावली की कॉम सात. पाहुणा तोच, पण पुढच्या दाराऐवजी मागच्या दारानं आला म्हणून घरच्यांनी ओळख दाखवायची नाही, असला हा कारभार. सॉफ्टवेअर तीनवर वाट बघत बसलं होतं आणि केबल सातवर उभी होती. मॅनेजर उघडून हे बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट मला कुणी दिलं नाही, आणि मोटारी घर्र करून मृगाकडे वळल्या तेव्हा काका फोनमध्ये ओरडत होते, “झालं! जावईबापू, झालं! अमेरिकेतून फिरवलीत तुम्ही!”

मृगातला तेजोमेघ सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर आहे. तिथला प्रकाश एवढी वाट तुडवून आमच्या गच्चीवर पोचला आणि हॅलोजनमध्ये बुडाला. काकांनी आयपीसला डोळा लावला. “धुरकट आहे. रंग कुठेयत?” असं म्हणून त्यांनी माझ्या दुर्बिणीबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला. तो दहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर होता, जावयाच्या अभिनंदनासह. बत्तीस अंगठे आले. मी केलेलं पोलर अलाइनमेंट, म्हणजे ते अक्ष ध्रुवाकडे रोखणं, गेलं चुलीत.

दुसऱ्या दिवशी एका परदेशी नंबरावरून मेसेज आला. ‘काका, सॉरी. शेवटी मी म्यूटवर होतो, मी काहीच केलं नाही. पण प्लीज बाबांना सांगू नका. ते माझ्याशी इतका वेळ पहिल्यांदाच बोलले.’

आता यावर काय बोलायचं? माझ्या बाजूचा एकमेव लेखी पुरावा, आणि त्याला ही शेपटी. मी नुसता अंगठा पाठवला. पण मेसेज पुसलेला नाही. सोसायटीची सर्वसाधारण सभा जवळ आली आहे, आणि गच्ची रात्री नऊला बंद करावी असा एक ठराव अजेंड्यावर आहे. सूचक म्हणून सही काकांची आहे.