‘लेड काढा, लिथियम टाका, चार्जर जुनाच चालतो’ : हा मेसेज पुढे पाठवू नका, प्लीज

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, मला तीन ग्रुपवरनं आला, त्यातला एक ज्येष्ठ नागरिकांचा. म्हणणं असं की मोबिलिटी स्कूटरमधल्या (चालता न येणाऱ्यांची बॅटरीवरची बसायची गाडी) दोन लेड बॅटऱ्या काढा, २४ व्होल्टचा लिथियम पॅक बसवा, व्होल्ट जुळले की झालं, चार्जर जुनाच लावा, रात्रभर राहिला तरी काही होत नाही, रेंज तिप्पट, आणि कंपन्या हे मुद्दाम लपवतात. माझा लिथियमला विरोध नाही, आईच्या स्कूटरला आज लिथियमच आहे. पण पहिल्यांदा आम्ही बरोब्बर या मेसेजसारखंच केलं होतं आणि त्याचं काय झालं ते सांगतो.

‘व्होल्ट जुळले की झालं’

नाही झालं. आम्ही साताऱ्यात राहतो, घर चढावर. आई भाजी घेऊन वर येत होती, बॅटरीच्या मीटरचे पाचपैकी चार दिवे लागलेले, आणि अर्ध्या चढाला स्कूटर एकदम मेली. हळू होऊन नाही, खटकन. आई पुढे हँडलवर आदळली. परत चावी फिरवली की चालू व्हायची, दोन फूट जायची की बंद.

झालं काय होतं, तर आमच्या कंट्रोलरवर (मोटरला करंट देणारा डबा) ४५ अँपिअर लिहिलंय आणि पॅकमधली बीएमएस, म्हणजे बॅटरीला जपणारं सर्किट, होती २० अँपिअरची. सपाट रस्त्याला मोटर थोडकाच करंट घेते म्हणून आठ दिवस काही कळलं नाही. चढाला मागणी वाढली की बीएमएस स्वतःला वाचवायला सप्लाय तोडते, ते तिचं कामच आहे. लेड बॅटरी अशी तोडत नाही, ती बिचारी व्होल्टेज पाडून पाडून देत राहते आणि गाडी हळू होते, म्हणजे माणसाला आधी कळतं तरी.

सप्लाय गेला की या स्कूटरचा मॅग्नेटिक ब्रेक आपोआप लागतो, म्हणून आई मागे घरंगळली नाही. पण खरी भीती त्यानंतर होती. एक दूधवाला मदतीला धावला, ‘काकू बसून राहा, ढकलतो’ म्हणाला आणि मागचा लिव्हर ओढला. तो लिव्हर ब्रेक सोडायचा! आई बसलेली, स्कूटरचं वजन वेगळं, आणि उतार मागच्या बाजूला. दुकानातली दोन पोरं धावत आली आणि तिघांनी मिळून धरली म्हणून वाचलो. त्याचा दोष नाही, त्याला कसं माहीत असणार. पण माणूस बसलेला असताना चढा-उताराला तो लिव्हर कधीच ओढायचा नसतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

बाइकवाला बाइक बंद पडली की पाय टेकतो, उतरतो, ढकलतो. इथे उतरताच येत नाही म्हणून तर स्कूटर घेतलीय. बाइकला चालणारा जुगाड इथे का चालत नाही त्याचं कारण एवढंच आहे.

मीटरचंही तेच. स्कूटरचा मीटर लेडच्या व्होल्टेजवर बनवलेला असतो. लिथियम फॉस्फेटचं (लिथियम बॅटरीचाच एक प्रकार) व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग धाडकन पडतं. म्हणजे दिवे हिरवे दिसत असतात आणि चार्ज संपत आलेला असतो. वेगळा अँपिअर-अवर मोजणारा मीटर लावा, नाहीतर किलोमीटर लिहून ठेवा.

आणि उलटी गोष्ट. घर उंचावर असेल, बॅटरी फुल करून सकाळी उतारानं निघालात, तर उतारावर मोटरच वीज बनवते आणि ब्रेकिंगचा तो करंट उलटा बॅटरीत जातो. ती आधीच भरलेली, बीएमएसनं तोडलं तर उतारावर खटकन थांबाल. आम्ही आता पूर्ण भरतच नाही.

‘जुनाच चार्जर चालतो’

हे अर्धं खरं आहे म्हणूनच जास्त घातक. लेडचा २४ व्होल्टचा चार्जर साधारण २८.८ ते २९.४ पर्यंत जातो, आठ सेलच्या लिथियम फॉस्फेटला फुल व्हायला २९.२ लागतात. जवळ जवळ सारखंच, त्यामुळे ‘मी वर्षभर वापरतोय’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत. पण लेडचा चार्जर फुल झाल्यावर थांबत नाही, २७ च्या वर फ्लोटवर, म्हणजे थोडं थोडं चार्ज देत, धरून ठेवतो, लिथियमला त्याची गरज नसते. काही चार्जरमध्ये जुनी लेड बॅटरी जागी करायचा मोड असतो, तो ३० च्या वर झटके देतो. आणि बीएमएसनं तोडलेलं असेल तर चार्जरला समोर शून्य व्होल्ट दिसतात, तो सुरूच होत नाही. मग कोणीतरी म्हणतं बॅटरी मेली आणि बीएमएस बायपास करून देतं. असलं कोणी सुचवलं तर पॅक उचला आणि घरी या. पॅकबरोबर त्याचाच चार्जर घ्या, थोडे पैसे वाचवायला जाऊ नका.

मोठा चार्जर लावून तासात फुल करायचं खूळ पण नको. हँडलजवळच्या तीन पिनांच्या गोल सॉकेटची वायर बारीक असते. त्यातली एक पिन चार्जिंग चालू असताना स्कूटर चालू देत नाही, म्हणून लोकल वायरमननं सॉकेट बदललं तर ती सोय गेलीय का बघा.

‘रात्रभर लावून ठेवा’

सगळे झोपलेले असताना नको, आणि जिन्याखाली, दाराशी तर नकोच. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच, आणि स्कूटरवाला माणूस पळू शकत नाही. मे महिन्यात विदर्भात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्ज करू नका, बहुतेक सेलना चार्जिंगसाठी ४५ डिग्री ही हद्द असते. स्वस्तातल्या पॅकमध्ये कुठले सेल आहेत ते विचाराच, फॉस्फेटवाले जास्त गरमी सहन करतात.

‘रेंज तिप्पट’

हिशोब करा. ३५ अँपिअर-अवरच्या दोन लेड म्हणजे २४ गुणिले ३५, ८४० वॉट-अवर. आयुष्य टिकवायला निम्मं वापरायचं, म्हणजे ४२०. तेवढीच लिथियम २५.६ व्होल्टची, ८९६, त्यातलं ८० टक्के म्हणजे ७१७. पावणेदोनपटीच्या आसपास, आणि तेही आकार तोच घेतला तर. तिप्पट वाटते कारण तुलना दोन वर्षं झिजलेल्या लेडशी होते, नवी लेड टाकली असती तरी रेंज वाढलीच असती. वजन मात्र खरंच निम्म्याच्या खाली येतं. पण तळातलं वजन गेलं की तीनचाकी स्कूटर वळणावर हलकी पडते, आणि पॅक खोक्यात खडखडू नये म्हणून पट्ट्यानं आवळावा लागतो.

‘कंपन्या लपवतात’

लपवण्यासारखं काही नाही. बॅटरी, चार्जर, कंट्रोलर, मीटर एकमेकांशी जुळलेले असतात, एक बदललं की बाकीचे तपासावे लागतात. आणि पैसे नसतील तर लेडच ठेवा, त्यात कमीपणा नाही. फक्त रोज वापरून झाली की लगेच चार्जला लावा, रिकामी ठेवली की ती मरते. लिथियमचं उलटं, महिनाभर गावाला जायचं असेल तर अर्धी भरून ठेवायची. आईला ही सवय बदलायला दोन महिने लागले, अजूनही संध्याकाळी आली की आधी चार्जर शोधते.