नवं मॉडेल, दुखणं जुनंच

"कीबोर्डचं नवं मॉडेल आलंय," म्हणत दुकानदार खोका उघडतो आणि मी आधी डाव्या बाजूला बघतो, सूर वर-खाली सरकवणारं पिच बेंडचं चाक आहे का? नाही! मग एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरणारी मींड काढायची कशाने? टोन, म्हणजे वाद्यांचे आवाज, शे-दीडशे वाढवलेत, त्यातले निम्मे कुणी वाजवत नाही. पण रूपक ताल लावायला जावं तर 7 मात्रांची स्टाईलच, म्हणजे आपोआप वाजणारी साथच, नाही, झपतालाच्या 10 तर लांबच राहिल्या. 61 पट्ट्या त्याच, किंमत तेवढी चढलेली. अहो, स्टेजवरचं लाखाचं वाद्य कोण मागतंय? घरी रियाजाला बसणाऱ्याला चाक द्या, आपला ठेका भरून ठेवायची सोय द्या, पेनड्राइव्हवरच्या जुन्या स्टाईली नव्यात चालू द्या. पै-पै साठवून लेकीसाठी घ्यायला गेलो, तर हातात काय, रंग बदललेला तोच कीबोर्ड!