सोलर पॅनेल नुसत्या बाजाराने स्वस्त केलेलं नाही

समाजमाध्यमांवर एक दावा सतत फिरतो: सोलर पॅनेल खासगी उद्योगाने शोधलं आणि बाजाराने स्वस्त केलं, सरकारने हात घातला तिथे सोलिंड्रा या अमेरिकी सौर कंपनीसारखा पैसा बुडाला, भारताने थांबावं आणि स्वस्त झालेला माल घ्यावा.

शोध खासगी होता, हे खरं. १९५४ मध्ये बेल लॅब्सने सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन सेल दाखवला. पण त्याला गिऱ्हाईक नव्हतं. १९५८ च्या व्हॅनगार्ड उपग्रहापासून पुढे कित्येक वर्षं अंतराळ कार्यक्रमांनीच ते सेल विकत घेतले.

जमिनीवर टिकणारं पॅनेल घडलं ते १९७५ ते १९८६ या काळात, अमेरिकी सरकारच्या पैशावर चाललेल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या प्रकल्पात. सरकार पाच टप्प्यांत पॅनेल विकत घेई आणि चाचण्यांत नापास झालेली उघडून बघितली जात. उणे ४० ते ९० अंशांच्या तापमान-फेऱ्या (पाचव्या टप्प्यात अशा २०० फेऱ्या), दमट उष्णता, इंचभर जाडीच्या गारा. सुरुवातीला सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या तुटत, कारण तापल्यावर पट्टी, सिलिकॉन आणि खालचा थर सारखे प्रसरण पावत नाहीत. मग पट्टीला बाक दिला आणि प्रत्येक सेलला जादा जोडणी दिली. वरच्या मऊ, रबरासारख्या सिलिकोनच्या थरावर धूळ चिकटून बसे. त्याच्या जागी काच आली आणि सेलभोवती ईव्हीए हे पारदर्शक प्लास्टिक. आपल्या गच्चीवरच्या पॅनेलची रचना साधारण हीच आहे. इतकी नापास पॅनेलं विकत घेऊन तपासण्याचा खर्च कुठल्या कंपनीने एकटीने केला असता?

सोलिंड्राला अमेरिकी ऊर्जा खात्याच्या कर्ज कार्यालयाकडून ५३.५ कोटी डॉलरची कर्जहमी मिळाली आणि २०११ मध्ये कंपनी बुडाली. तिच्या नळीच्या आकाराच्या पॅनेलचं गणित इतरांच्या पॅनेलचा कच्चा माल, म्हणजे पॉलिसिलिकॉन, महागच राहील यावर बेतलेलं होतं, आणि त्याचाच भाव कोसळला. पण त्याच कार्यालयाने टेस्लाला दिलेलं ४६.५ कोटींचं कर्ज २०१३ मध्ये मुदतीच्या नऊ वर्षं आधी फिटलं. २०१४ पर्यंत त्या कार्यालयाला सगळ्या कर्जांवर व्याज आलं सुमारे ८१ कोटी डॉलर, बुडीत सुमारे ७८ कोटी. एक बुडालेलं खातं दाखवून अख्खी खातेवही फाडता येत नाही.

राहिलं थांबणं. जगात बसवलेली एकूण क्षमता दुप्पट झाली की पॅनेलचा भाव साधारण पाचव्या हिश्श्याने उतरतो, असा अनेक दशकांचा अनुभव आहे. म्हणजे कोणीतरी आधी महाग माल घ्यावाच लागतो. जर्मनीने २००० च्या कायद्याने सौर विजेला वीस वर्षांचा दर बांधून दिला. भारताने २०१० मध्ये सौर मिशन सुरू केलं, २५ वर्षांचे वीजखरेदी करार दिले, म्हणून बँका पुढे आल्या. तेव्हा युनिटच्या दराची कमाल मर्यादा १७.९१ रुपये होती. २०१७ मध्ये राजस्थानात भडला इथे २.४४ ची बोली लागली. पॅनेलचे जागतिक भाव उतरले, हेही त्यामागे आहेच.

सरकारी मदत चुकते, हे मात्र मान्य करायलाच हवं. मिशनच्या पहिल्या फेरीत स्फटिक सिलिकॉनची पॅनेलं देशीच हवीत ही अट होती, पातळ थराच्या पॅनेलना सूट. अमेरिकी माल घेणाऱ्यांना तिथली सरकारी एक्झिम बँक स्वस्त कर्ज देत होती, त्यामुळे अनेक प्रकल्पांनी पातळ थराचीच पॅनेलं आयात केली आणि देशी कारखान्यांच्या ऑर्डरी हुकल्या. तंत्रज्ञानाचं नाव न घेता अट लिहिली असती, तर ती पळवाट उरली नसती.