मुळ्याचे हिताहित

शेजारच्या आजींनी दारात मुळा पुढे केला, काहीतरी विचारलं आणि मी ‘हाय’ म्हणालो. सगळी भानगड तिथून सुरू झाली.

जपानीत ‘हाय’ म्हणजे हो. आमच्या तासगावाकडे ‘हाय’ म्हणजे आहे. त्यामुळे हा शब्द मला पहिल्या दिवसापासून घरचा वाटला आणि दोन वर्षांत माझं जपानी त्याच्या पुढे फारसं सरकलं नाही. आम्ही राहतो तोक्योच्या निशी-कासाईत. इथे आपली माणसं इतकी की तूरडाळ, हिंग, कढीपत्ता सगळं मिळतं, अडतं कुठे? बायको ऑफिसात जपानी बोलते. मी घरून काम करतो आणि स्वयंपाकघर सांभाळतो.

रात्री तिने उलगडा केला. “त्यांनी विचारलं, फुरोफुकी दाइकोन करणार का? आणि तू हो म्हणालास.”

दाइकोन म्हणजे मुळा. ‘फुरो’ म्हणजे न्हाणं, ‘फुकी’ म्हणजे फुंकणं. वाफाळता मुळा फुंकर घालत खायचा. माझ्या डोक्यात पराठे होते, पण आजी लिफ्टमध्ये रोज भेटतात.

कृती फोनवर सापडली. कॅमेरा धरला की भाषांतर होतं, ही मोठी सोय. भाषांतर असं आलं: मुळ्याचा चेहरा काढून घ्या. गुप्त सुरी चालवा. वाईटपणा काढून टाका. पडलेलं झाकण ठेवा. मी दोनदा वाचलं. मुळा शिजवायचा होता की कुणाचा काटा काढायचा होता, ते कळेना.

बायकोने ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत एकेक गाठ सोडवली. चेहरा काढणं म्हणजे मुळ्याच्या जाड चकतीची धारदार कड तासून गोल करणं; म्हणजे शिजताना तुकडे एकमेकांवर आपटून फुटत नाहीत. गुप्त सुरी म्हणजे चकतीला खालून फुलीसारखी चीर द्यायची. मुळा आतपर्यंत शिजतो आणि ताटात चीर दिसत नाही. वाईटपणा म्हणजे वर येणारा फेस. मुळ्याच्या खालच्या अंगाचेही इतके लाड मी आजवर कुणाला करताना पाहिलं नव्हतं. आमच्याकडे मुळा किसतात, मीठ लावून पिळतात आणि दह्यात ढकलतात.

साल तीन-चार मिलिमीटर जाड काढायची, कारण सालीखाली शिरा असतात. मग चकत्या तांदळाच्या धुवणात उकडायच्या. बांबूची काडी ‘सुत्तो’ आत जाईपर्यंत. सुत्तो! इथेच जपानी माणसाबद्दल मला जिव्हाळा वाटला. आपल्याकडे आमटी रटरटते, वरण खदखदतं, फोडणी चर्र करते. त्यांच्याकडे मंद आचेवरचं भांडं ‘कोतोकोतो’ करतं आणि जोरात उकळणारं ‘गुत्सुगुत्सु’. आणि पाणी किती घालायचं? तर ‘हिताहिता’.

मी ओट्याशी उभा राहून मुळ्याच्या हिताहिताचा बराच विचार केला. मोजमापाला हा देश पक्का. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा म्हणजे ५, कप २०० मिली. फक्त तांदळाचा कप तेवढा १८० मिलीचा, त्याला त्यांचा इलाज नाही. असल्या लोकांनी पाण्याच्या वेळी मात्र हिताहिता म्हणून हात वर करावेत? शेवटी कळलं, हिताहिता म्हणजे चकत्या जेमतेम बुडतील न बुडतील इतकं.

भांड्याच्या तळाशी कोंबू घालायचा. समुद्रातल्या शेवाळाची वाळकी पट्टी. तिच्यावर पांढरी भुकटी होती, मी नळाखाली खसाखसा धुतली. नंतर कळलं की ती धूळ नसते, चवीचाच भाग असतो. पट्टी ओल्या फडक्याने फार तर पुसायची. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या तोक्योच्या प्राध्यापकांनी याच कोंबूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. माझ्या हातून त्या चवीतला काही वाटा मोरीत गेला.

आता ते पडलेलं झाकण. हे लाकडी झाकण भांड्याच्या तोंडापेक्षा लहान असतं. ते थेट चकत्यांवर बसतं, म्हणजे त्या हलत नाहीत आणि थोड्या रसात सारख्या शिजतात. बायकोने हौसेने आणलेलं, पण कधी न वापरलेलं. मी ते ठेवलं आणि हाताला लहानपणापासूनची सवय, भाजी शिजताना झाकणावर पाणी ठेवायची. तांब्याभर ओतलं. झाकण आत, त्यामुळे पाणीही आत. हिताचं गेलं, अहिताचं उरलं. ते पाणी आटवण्यात पाऊण तास गेला.

वरून घालायची मिसोची चटणी. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, साखर, मिरिन नावाची स्वयंपाकातली गोडसर दारू आणि दोन मोठे चमचे साके, म्हणजे तांदळाची दारू. साकेच्या अक्षरात एक भाग मद्याच्या बुधल्यावरून आलेला आहे, हे बायकोने कधीतरी शिकवलेलं. तेवढ्यावर मी बाटली ओळखली. व्हिनेगरच्या अक्षरातही तोच बुधला असतो, हे तिने सांगितलं नव्हतं. निदान मला आठवत नाही.

चटणी आंबटढोण झाली. टाकवेना. तशीच चकत्यांवर घातली आणि धीर करून एक वाटी आजींना नेऊन दिली. त्यांनी दारातच चव घेतली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “आ! सुमिसो?” मी म्हणालो, “हाय.” घरी येऊन शोधलं तर व्हिनेगर घातलेल्या मिसोला खरोखरच सुमिसो म्हणतात. हे मी बायकोला आधीपासून ठरवलं होतं म्हणून सांगितलं. तिने एक चकती खाल्ली. काडी काय, काटासुद्धा लागला नाही, जिभेवर विरघळली. “मस्त झालाय,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “पण आहे मुळाच.”

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. तिला सगळं सांगितलं.

“दोन तास मुळा उकडलास? पाणी किती घातलंतंस?”

“हिताहिता.”

“आँ?”

“बुडेल इतपत.”

“मग तसं बोल की! आन् पाला? चांगला कवळा पाला आसंल. टाकलास काय रं?”

माझ्यामागे जाळायच्या कचऱ्याची पिशवी बांधून ठेवलेली होती. तिच्या तोंडातून एक हिरवं पान बाहेर आलेलं.

“हाय,” मी म्हणालो.

“हाय न्हवं? मग उद्या डाळ घालून परत.”