वेताळाच्या चपला

चकलीपासून चित्रपटगृहाला नेमका काय धोका असतो, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. दिवाळीत ‘थामा’ हा भुताखेतांचा हिंदी सिनेमा बघायला गेलो, तर दारातल्या गणवेशवाल्या पोराने बायकोच्या पर्समधून डबा काढला, उघडून वास घेतला, पसंतीची मान हलवली आणि ‘आउटसाइड फूड’ म्हणून बाजूच्या टेबलावर ठेवला. तिथे आधीच डब्यांची रांग लागलेली. सणाचेच दिवस ते. शो सुटल्यावर टोकन देऊन जो डबा मिळाला तो आमचा नव्हताच, हे घरी आल्यावर कळलं. आत मऊ पडलेल्या चकल्या. आमच्या भाजणीच्या, खुसखुशीत चकल्या डोंबिवलीत कुणीतरी चहाबरोबर संपवल्या असतील, त्यांना पचोत. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण सांगायचंय ते शेजारच्या सीटवरच्या काकांबद्दल.

काका साठी उलटलेले, पांढरा शर्ट, कपाळाला गंध. जाहिराती चालू होत्या तोवर एकदम शांत. जाहिराती पुष्कळ वेळ चालल्या. बंगळुरूला याच कारणासाठी एक प्रेक्षक ग्राहक न्यायालयात गेला, जिंकलाही, आणि मग उच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हा आपण गप्प बसून गुटख्याचे दुष्परिणाम बघायचे. ते बघून झाले, राष्ट्रगीत झालं, सिनेमा सुरू झाला, जंगल आलं, बेताळ आले आणि काका माझ्याकडे वळले.

“ह्यो वेताळ?”

मी पडद्याकडे बघत ‘हो’ म्हटलं.

“वेताळ असो नसता.”

पुढच्या रांगेतून ‘शूऽऽ’ झालं. काकांनी आवाज खाली आणला, म्हणजे आधी तो सगळ्या हॉलला ऐकू येत होता, आता फक्त आमच्या तीन रांगांना.

“चपला खंय आसत हेच्यो?”

वेंगुर्ल्याकडच्या वाचकांना यातली वेदना लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सांगतो. आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. वेताळच तो, पण तिथे देव म्हणून उभा आहे, पुरुषभर उंचीपेक्षाही मोठा. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि नवसाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. रात्री देव गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा. देवळात त्या चपला मांडून ठेवलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. एकेक चप्पल अशी, की आमच्या ब्लॉकच्या बाथरूमबाहेर पायपुसणं म्हणून टाकली तर दार उघडणार नाही.

तर काका त्या मुलखातले. आणि पडद्यावरचा बेताळ त्यांच्या हिशेबी अनवाणी, म्हणजे बेवारशी.

“सकाळी बघल्यार झिजलेल्यो असतत,” काका म्हणाले. “ह्यो रात्रभर ह्या झाडावरसून त्या झाडावर उड्यो मारता. गावची राखण कोण करतलो?”

आता याला मी काय उत्तर देणार? दिग्दर्शक मी नाही. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. याच माणसाने 2022 मध्ये ‘झोंबिवली’ काढून आमच्या गावात झोंबी सोडले होते, तेव्हा डोंबिवलीकर म्हणून मी तक्रार केली नाही. 2024 मध्ये ‘मुंज्या’ केला, तो मला मनापासून आवडला. कोकण खरं दिसलं, सुहास जोशींची आजी तर अशी, की भूत नसतं तरी चाललं असतं. मुंज्या म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंजीआधी गेलेला पोरगा, पिंपळावर राहणारा. त्याला एक हट्ट असतो आणि त्या हट्टात एक रडू असतं. ते रडू त्या सिनेमात होतं. इथे मात्र भूतखेतांनी इतकं तत्त्वज्ञान सांगितलं, की ग्रामपंचायतीच्या सभेत बसल्यासारखं झालं.

हे मी काकांना सांगायला हवं होतं, पण त्यांनी दुसराच प्रश्न काढला.

“तुमी खंयचे?”

“डोंबिवली.”

“तां खरां. मूळ गाव?”

पडद्यावर कुणाचातरी गळा धरलेला. अशा वेळी मूळ गाव सांगावं लागलं. “सातारा.”

“मगे तुमका भुतातला काय कळतला!” असं म्हणून काका समाधानाने मागे रेलले.

मी दुखावलो. साताऱ्याला काय भुतं नाहीत? आमच्या आजोळी विहिरीवर एक हडळ होती, तिच्या भीतीने मामा चाळिशीपर्यंत संध्याकाळनंतर मोटर बंद करायला जात नसे. पण हे अंधारात, कुजबुजत, तिऱ्हाईत माणसाला पटवून द्यायचं म्हणजे आपणच भुताचे वकील झालो. मी गप्प बसलो. त्यानंतर पुढचा अर्धा तास मी सिनेमाचं एकही वाक्य ऐकलं नाही, सगळ्या पात्रांचे पाय बघत होतो.

मध्यंतरात बाहेर आलो. लहान नाचोजच्या किमतीत आमच्या कोपऱ्यावर चौघांची मिसळ होते, जादा पाव धरून. 2023 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बाहेरचं खाणं आत येऊ द्यायचं की नाही हे मालकाने ठरवावं. पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यावं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नये. सुनावणीत जिलबीचा दाखला निघाला होता: कुणी जिलबी आणली आणि चिकट बोटं खुर्चीला पुसली, तर सफाईचे पैसे कोण देणार? बिनतोड. पण चकली खुर्चीला पुसून दाखवा. आणि काउंटरवर मिळतं ते पातळ पिवळं चीज? ते चिकटतं ते थेट पुढच्या शोच्या प्रेक्षकाबरोबर घरी जातं. त्याला ‘इनसाइड फूड’ म्हणतात. हे मी रांगेतल्या दोघातिघांना ऐकवलं. त्यांनी आपापले नाचोज घेतले. बायकोने मला तिथून हलवलं.

जागेवर आलो तर काका खिशातून काढलेलं वेलची केळं सोलत होते. सावकाश, चारही बाजूंनी.

“हे आत कसं आणलंत?”

“देवाचो परसाद म्हटलंय. परसादाक कोण अडवता?”

एवढं साधं. आणि आम्ही टोकन घेऊन बसलो होतो.

उत्तरार्धात एका लांडग्याने एंट्री घेतली. हॉलमध्ये शिट्ट्या. काका दचकले.

“ह्यो कुत्रो खंयसून इलो?”

“कुत्रा नाही काका, भेडिया. दुसऱ्या सिनेमातला.”

“मगे हय कित्याक इलो?”

“सगळे एकाच युनिव्हर्समधले आहेत.”

“म्हंजे?”

काय सांगू? ‘स्त्री’वाली, तो मुंडकं नसलेला सरकटा, मुंज्या, भेडिया, आता हा बेताळ, सगळे एकमेकांच्या सिनेमात पाहुणे म्हणून जातात. मी म्हटलं, “म्हणजे भाऊबंद आहेत एकमेकांचे.”

“आणि मारामारी करतत?”

“हो.”

काकांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. “जमिनीवरसून असतली,” ते म्हणाले आणि पुढचा सगळा प्रसंग त्यांनी विलक्षण आत्मीयतेने पाहिला. मध्ये एकदा नायक अडचणीत सापडला, तर “अरे घड बोल मेल्या, घड!” असं ओरडलेसुद्धा. केळ्यांचा घड. नवस बोलला असता तर सुटला असता. त्या क्षणी खरं तर मला ते पटलं. निदान पटकथेत काहीतरी घडलं असतं.

भीती मात्र वाटली नाही, ना मला, ना काकांना. हल्ली भीती वाटायच्या आत कुणीतरी विनोद करतो आणि विनोदाला हसायच्या आत गाणं येतं. ‘तुंबाड’ 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा हाऊसफुल्ल बोर्ड लागले, 2018 मध्ये कमावले त्याहून जास्त त्याने तेव्हा कमावले, यात मला काही नवल वाटलं नाही. तो पाऊस, ती साखळीला बांधलेली म्हातारी, आणि कुणीही डोळा मारत नाही. घाबरायला येतात हो माणसं, पैसे देऊन येतात.

आणि सिनेमा संपवायला काय होतं यांना? ‘कल्की’ बघितला. अमिताभचा अश्वत्थामा काय दिसलाय! आमच्या आजीचा अश्वत्थामा कपाळाच्या जखमेला तेल मागत दारोदार फिरायचा, हा तर गाड्या उचलून फेकतो. तेही मी गोड मानून घेतलं. तीन तासांनी कळलं की उरलेलं पुढच्या भागात. ‘कांतारा’ 2022 मध्ये आला आणि त्याचा ‘चॅप्टर 1’ 2025 मध्ये. आधी वरात, मग साखरपुडा. कटप्पाने बाहुबलीला का मारलं, हे कळायला अख्ख्या देशाला 2015 ते 2017 थांबवलं होतं, तेव्हापासून या मंडळींना चटक लागली आहे. तिकीट पूर्ण सिनेमाचं घेतात, गोष्ट हप्त्याने देतात. श्रेयनामावली संपेपर्यंतही उठायची सोय नाही, शेवटी पुढच्या सिनेमाचा एक तुकडा असतो. झाडूवाली पोरं कडेला काळ्या पिशव्या घेऊन उभी, आणि आपण त्यांच्या डोळ्यांना डोळा न देता बसून राहायचं.

आम्हालाही बसावं लागलं. कारण काकांची चप्पल सापडेना. सिनेमाभर त्या बेताळाच्या पायांची चौकशी करणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःच्या चपला सुरुवातीलाच काढून ठेवल्या होत्या आणि एक पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेली होती. मोबाइलचा उजेड पाडून मी रांगेरांगेत वाकत गेलो. बायको दारापाशी जाऊन मला ओळखत नसल्यासारखी उभी राहिली. चप्पल सापडली चार रांगा खाली, उलटी पडलेली, अंगठ्याला ते पिवळं चीज लागलेलं. मी ती बोटांच्या चिमटीत धरून वर आणली. काकांनी ती घेतली, उलटसुलट करून बघितली आणि टाच माझ्यापुढे धरली.

“बघा. किती झिजली ता.”

मग ती पायात घातली, उठले आणि विचारलं, “पुढचो भाग कधी?”

“आवडला तुम्हाला?”

“छ्या! पण पुढच्यात चपला दाखवतले. दाखवूकच होयी.” बाहेर पडता पडता ते थांबले, माझ्या सीटकडे बोट दाखवलं. “तुमी हीच सीट घेवा. गजाली मारूक बरा पडता.”