आधी मोरी, मग डोंगर

फेब्रुवारीतली गोष्ट. पेडण्याला एका लग्नाहून परत फोंड्याला येताना मोरजीच्या किनाऱ्यावर जरा थांबलो. पार्किंगच्या कडेला एक टेम्पो ट्रॅव्हलर उभी. खाली दोन शेगड्या, टोपात भात रटरटतोय, एक बाई कांदा चिरतेय आणि भांडी विसळलेलं पाणी सरळ वाळूत. माझं डोकं फिरलं. उतरलो आणि तोंडाला येईल ते बोललो. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला २०१९ पासून बंदी आहे, दंड आहे, हेही ऐकवलं. माणसं बिचारी ओशाळली. मी विजयी मुद्रेने गाडीत येऊन बसलो, तर बायको शांतपणे म्हणाली, "आणि सप्टेंबरात आपण तिकडे जाऊन वेगळं काय करणार आहोत?"

सांगायला हवं की यंदा आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, मेव्हणा आणि त्याची बायको, युरोपात कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन फिरणार आहोत. चालवणार मी आणि मेव्हणा. झोपायचं व्हॅनमध्ये, रांधायचंही व्हॅनमध्ये. गेल्या दिवाळीपासून आमच्या सोप्यावर दर रविवारी नकाशा पसरला जातोय. मेव्हण्याने पहिल्याच रविवारी यादी वाचली : जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, इटली, फ्रान्स, स्वित्झर्लंड, लिक्टेनश्टाइन. सोळा रात्रींत आठ देश. लिक्टेनश्टाइनचं क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर. आपला एकटा सत्तरी तालुका त्याहून मोठा. "पण भावोजी, देश तो देश! टच करून येऊ." मी विचारलं, कोणाला सांगायला? शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत एकदा आत शिरल्यावर देशागणिक शिक्काही मिळत नाही, म्हणजे पुरावासुद्धा फोटोचाच.

मोरजीहून परतताना बायकोचा प्रश्न डोक्यात घोळत राहिला आणि त्या रात्री मी पहिल्यांदा नकाशा बाजूला ठेवून व्हॅनचा तक्ता वाचला. आतापर्यंत आम्ही पलंग किती लांब, फ्रिज केवढा, एवढंच बघत होतो. टाक्यांकडे कोणाचं लक्षच नव्हतं. स्वच्छ पाण्याची टाकी साधारण १०० लिटर. भांड्यांचं, आंघोळीचं पाणी साठायला खाली दुसरी टाकी. आणि संडासाची एक सरकवून बाहेर काढायची पेटी, जेमतेम २० लिटरची. दोघांना ती तीन दिवस पुरते म्हणतात. आम्ही चौघं, त्यात मेव्हणा सकाळी तीन कप चहा घेणारा. दीड-दोन दिवसांत पेटी भरणार. मग ती हातात धरून, चाकं असतील तर ओढत, नेमून दिलेल्या जागीच रिकामी करायची. ही जागा मिळते कॅम्पिंगच्या आवारात किंवा व्हॅनसाठी राखलेल्या थांब्यांवर. रस्त्याकडेच्या ओढ्यात नाही आणि पेट्रोलपंपाच्या संडासात गुपचूप तर अजिबात नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की कॅम्परव्हॅनच्या सहलीचा आराखडा प्रेक्षणीय स्थळांपासून करूच नये. आधी मोरी बघावी, मग डोंगर. दर दोन दिवसांनी टाकी कुठे रिकामी होणार त्याचे ठिपके नकाशावर मांडायचे आणि त्या ठिपक्यांमधून जो रस्ता जाईल त्यावर काय सुंदर आहे ते पाहायचं. आल्प्समध्ये ठिपके कुठेही टाका, मध्ये काहीतरी सुंदर येणारच. तिथे सौंदर्याचा तुटवडा नाही.

मेव्हण्याला हे पटेना. त्याच्या मोबाइलवरच्या व्हिडिओत सगळे तळ्याकाठी एकटेच व्हॅन लावून, मागचं दार उघडून, पाय पसरून कॉफी पीत असतात. वास्तवात असं कुठेही मुक्काम ठोकणं बहुतेक ठिकाणी चालत नाही. ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये कॅम्पिंगच्या जागेबाहेर तळ ठोकायला बंदी आहे. स्वित्झर्लंडमध्ये कँटनगणिक, म्हणजे प्रांतागणिक, नियम बदलतो. जर्मनीत थकलेल्या चालकाने गाडी चालवण्याइतकी विश्रांती मिळावी म्हणून एक रात्र रस्त्याकडेला झोपणं मान्य आहे, पण खुर्च्या मांडून बसणं नाही. इटलीचा कायदा मला सगळ्यात आवडला. तिथे व्हॅन नुसती चाकांवर उभी असेल, बाहेर काही पसरलेलं नसेल आणि तिच्यातून पाणी सांडत नसेल तर ती फक्त उभी केलेली गाडी. बाहेर कनात ताणली, टेबल मांडलं, की तो झाला तळ. मोरजीची ती टेम्पो ट्रॅव्हलर शेगडी खाली उतरेपर्यंत उभी केलेली गाडीच होती. एका शेगडीने मी तिचा दंड ठरवला, आणि इटलीतला पोलीसही बरोब्बर तेच करील.

आम्हा गोंयकारांना खरं तर हे कोणी शिकवायला नको. साठ-सत्तरच्या दशकांत लंडन, ॲम्स्टरडॅमहून निघालेल्या व्हॅन इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत आमच्या हणजुण्याला येऊन थांबायच्या. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेर अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या आणि तो रस्ता मिटला. आत्याचं घर हणजुण्यात. तिच्या आवारात माडाखाली अशी एक व्हॅन दोन महिने होती म्हणे. आत्या त्यांना कधी वाईट म्हणाली नाही, पण एक गोष्ट मात्र नेहमी सांगायची : "विहिरीचं पाणी विचारून घेत. सकाळी कुठे जाऊन बसायचं ते मात्र विचारत नसत."

असो. तर आठाचे चार देश झाले. म्युनिकहून व्हॅन घ्यायची, दक्षिणेला ऑस्ट्रियात उतरायचं, तिथून इटलीतले डोलोमाइट डोंगर, मग पश्चिमेला स्वित्झर्लंडचं एंगाडिन खोरं आणि बोडन तळ्यावरून परत म्युनिक. जर्मनी दोन, ऑस्ट्रिया चार, इटली सहा, स्वित्झर्लंड चार रात्री. हा हिशेब नुसता हौसेचा नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज जिथे सर्वाधिक मुक्काम त्या देशाकडे करायचा असतो. आमची आधीची यादी जर्मनीकडे झुकत होती, रात्री हलवल्या तसा अर्ज इटलीकडे गेला. मुक्कामाचा पुरावा म्हणून कॅम्पिंगची आरक्षणं लावायची, म्हणजे "मिळेल तिथे थांबू" हे स्वप्न तिथेच निम्मं आटोपतं. प्रौढांची फी प्रत्येकी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. आमच्या शेजारच्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्या मित्राने हे सगळं ऐकून फक्त मान हलवली आणि फेणीचा घोट घेतला.

वेळेचं गणित चवथीवर बेतलेलं. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधल्याशिवाय आणि गणपती पोचवल्याशिवाय फोंड्यातला माणूस विमानात बसत नाही, हे जगाने समजून घ्यावं. म्हणून २१ तारखेला निघायचं ठरवलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो : उन्हाळी गर्दी ओसरलेली, व्हॅनचं भाडं उतरलेलं. मग म्युनिकमधल्या पहिल्या रात्रीच्या हॉटेलचे दर पाहिले आणि हादरलो. तिथला बिअरचा उत्सव, ऑक्टोबरफेस्ट, नाव ऑक्टोबरचं असलं तरी यंदा १९ सप्टेंबरलाच सुरू होतो. ३१ डिसेंबरला कळंगुटला खोली शोधणाऱ्याला मी आजवर हसत आलोय. आता पहिली रात्र शहराबाहेर काढायची ठरलीय.

दुसरी धास्ती बर्फाची. ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर रस्ता हे आमच्या सहलीचं मुख्य आकर्षण. १९३५ साली खुला झालेला, ४८ किलोमीटरचा, ३६ अवघड वळणांचा, २,५०४ मीटरवर बोगद्यातून पलीकडे जाणारा. साधारण मे ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडा असतो आणि सप्टेंबरातही बर्फ पडला तर बंद होऊ शकतो. तसं झालं तर फेलबरटाउअर्नच्या बोगद्यातून लिएन्झला उतरायचं, तेही लिहून ठेवलंय. दोन्हीकडे टोल आहे. ग्रोसग्लॉकनरचा तर चाळीस युरोंच्या वर. स्टेल्विओ मात्र मी यादीतून काढला. २,७५७ मीटर उंची, एका बाजूनेच ४८ वळणं, १८२५ साली पुरा झालेला घोडागाड्यांच्या काळातला घाट. तिथे सहा मीटरची व्हॅन वळवताना समोरून मोटारसायकलींचा ताफा आला तर? मेव्हणा म्हणतो, मी चोर्ला घाटात ट्रकांमधून गाडी काढलीय. काढली असशील रे, पण डाव्या बाजूने.

हो, उजवी बाजू. पोर्तुगालने १९२८ साली आपली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, पण गोवा डावीकडेच ठेवला, कारण भोवती सगळा ब्रिटिश मुलूख. गोवाही तेव्हा हलला असता तर आमच्या आजोबांना सवय झाली असती आणि आज मला पन्नाशीत उजव्या हाताने गिअर शिकायची वेळ आली नसती. (पुढे भारताने पुन्हा डावीकडे आणलंच असतं म्हणा.) परवान्याचं म्हणाल तर आरटीओत ४-अ अर्ज भरून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, वर्षभर चालतो. पण आपल्या मोटारीच्या परवान्यावर तिकडे ३,५०० किलोपर्यंतचीच व्हॅन चालवावी, आणि हे वजन माणसं, पाणी, सामान धरून. रिकामी व्हॅनच तीन टनांच्या आसपास. चौघांचं मिळून तीनशे किलो, पाण्याचे शंभर. उरले शंभरेक. मेव्हण्याच्या बायकोने बॅगेचं वजन करायला सुरुवात केलीय, मी माझं.

स्वित्झर्लंडच्या घाटांत पिवळी पोस्टबस आंधळ्या वळणावर तीन सुरांचा हॉर्न वाजवते आणि तशी पाटी असलेल्या रस्त्यांवर बसचालक सांगेल तसं मागे-पुढे व्हावं लागतं. हे वाचून मला हायसं वाटलं. कदंबा, म्हणजे आमची सरकारी बस, आली की अंग चोरून घ्यायची सवय आम्हाला जन्मापासून आहे. कॅम्पिंगची दुपारही ओळखीची निघाली : ऑस्ट्रिया-जर्मनीत बऱ्याच ठिकाणी दुपारी १ ते ३ फाटक बंद, गाडी आत नाही, बाहेर नाही, आवाज नाही. मेव्हणा वैतागला. मी म्हटलं, फोंड्यात दुपारी दोन वाजता खिळे विकत घेऊन दाखव.

सगळ्या यादीत मी हट्टाने घातलेली जागा एकच. इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ रेशेन नावाचं तळं आहे. पाण्यातून चर्चचा एक जुना मनोरा वर आलेला दिसतो. व्हिडिओवाले तिथे वीस मिनिटं थांबतात, फोटो काढतात, जातात. तळं धरणाचं आहे. १९५० साली ग्राउन गाव पाण्याखाली गेलं, दीडशेहून जास्त घरं. लोकांची भाषा जर्मन आणि योजनेची नोटीस लागली होती इटालियनमध्ये. मनोरा तेवढा राहिला.

बायकोचं आजोळ कुर्डी. सांगेची. मोगूबाई कुर्डीकरांची कुर्डी. साळावली धरणात ती १९८०च्या दशकात बुडाली, माणसं वालकिणीला गेली. दर मे महिन्यात पाणी ओसरतं आणि गाव वर येतं : जोती, तुळशीवृंदावनं, वाटा, सोमेश्वराचं देऊळ. सगळे तिकडे जमतात. माझी सासू जोत्यावर उभी राहून "हा सोपा, ही रांदची कूड (स्वयंपाकघर)" असं दाखवत फिरायची आणि परतताना काही बोलायची नाही. त्या मनोऱ्याचं चित्र बायकोने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तीही काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "इथे राहायचं." तळ्याजवळ कॅम्पिंग आहे, टाक्या रिकाम्या करायची सोय आहे. तीन रात्री ठेवल्यात. आठ देशांच्या यादीत तिथे तीन रात्री कुठून आणल्या असत्या?

सध्या वाद चाललाय तो शिधासामानाचा. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी. म्हणजे सासूबाईंचं तूप गेलं, पेढे गेले, मेव्हण्याची चोरीसां, म्हणजे गोव्याची डुकराच्या मांसाची सॉसेज, गेली. मासळीला मात्र माणशी २० किलोपर्यंत मुभा, सुकी सुंगटां, म्हणजे कोळंबीसुद्धा चालते. घरात एकदम आनंदीआनंद. सुंगटांची नारळ घातलेली किसमूर होणार! पण सुंगटां भाजायची कुठे? व्हॅनबाहेर शेगडी मांडली तर इटलीत आमचा तळ झाला. आत भाजली तर तो वास सोळा दिवस आमच्याबरोबर चार देश हिंडणार आणि परत देताना अनामत रकमेतून कापला जाणार. बायको म्हणते इथूनच भाजून, नारळ न घालता, डब्यात भरून न्यावी. मेव्हणा म्हणतो त्याला किसमूर म्हणत नाहीत. यंदाच्या रविवारी यावरच बसायचंय, नकाशा राहू दे.